अण्णाच्या उशाशी

“तिथं नको, वहिनी,” मी म्हणालो. “कुंपणाकडं जागा करतो. चांगली मोकळी करतो.”

रिबकावहिनी उंबऱ्यावर बसली होती. तिचा नवरा फिलीप आदल्या सकाळी पाटात सापडला होता, शेताकडं फुटणाऱ्या चारीच्या दारापाशी अडकलेला. तालुक्याच्या दवाखान्यात चिरफाड करून दुपारनंतर त्याला आणणार होते. आणल्या आणल्या माती द्यायची, असं ठरलं होतं. चैत्राचं ऊन होतं, थांबता येणार नव्हतं.

“कुंपणाकडं नुसता मुरूम हाये. तुम्हीच सांगत असता,” ती म्हणाली. “आन् बापाची कबर असताना लेकाला कुंपणाशी कशापायी? अण्णा एकलेच हायेत तिथं. त्यांच्यातच ठेवा.”

“वहिनी, ऐका माझं.”

“का पर?”

शेजारी पाळकसाहेब उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले, “मारकस, अण्णांना जाऊन बारा वर्षं झाली. रीतीला धरूनच आहे. तिच्या मनासारखं होऊ दे.”

मी कुदळ खांद्यावर टाकली आणि निघालो.

आमच्या ख्रिस्ती मंडळीची रीत अशी की कबर खणायला मजूर लावायचा नाही. आपल्या माणसासाठी आपल्याच माणसांनी खणायचं. कबरस्तान लहान, ओढ्याच्या काठाला, तीन बाजूंनी दुसऱ्यांचे ऊस. जागा पुरत नाही म्हणून दहा-बारा वर्षं उलटली की घरच्याच माणसाची जुनी कबर उघडायची. आधीच्याची हाडं वेचून पांढऱ्या फडक्यात बांधायची आणि नव्या पेटीच्या पायाशी ठेवायची. फडकं घरच्या बाईनं आणून द्यायचं. ह्या कामाला फार माणसं पुढं येत नाहीत. मी आणि फिलीप लहान वयात पुढं आलो, कारण आम्हाला दाऊदमामानं पुढं केलं.

दाऊदमामा सगळ्यांत जुना खणणारा. त्यानंच आम्हाला शिकवलं की हाड दिसायच्या आधी दोन घोट पोटात असावेत, मग हाड हे हाड राहतं, माणूस होत नाही. मयताच्या घरून पाण्याची बादली यायची. बादलीत ओल्या फडक्याखाली बाटली असायची. त्याला ‘कुदळीचं पाणी’ म्हणत. सगळ्यांना ठाऊक होतं. जुने पाळकसुद्धा बादलीकडं पाठ करून उभे राहत. मिसरूड फुटायच्या वयात मी ते पाणी पहिल्यांदा प्यालो. पुढं कबर नसली तरी पाणी लागायला लागलं. फिलीपचंही तेच.

त्या वर्षी जानेवारीच्या प्रार्थना-आठवड्यात आम्ही दोघं वेदीपुढं गेलो होतो. दोघं एकमेकांचा हात धरून गुडघ्यावर बसलो. हात का धरला, तर एकट्यानं पुढं जायची दोघांचीही छाती नव्हती. सगळ्या मंडळीदेखत वचन दिलं. पाळकसाहेब म्हणाले, ईस्टरपर्यंत कोरडे राहा, त्या दिवशी तुम्हा दोघांना प्रभुभोजनाला बसवतो. कित्येक वर्षं प्रभुभोजनाचा प्याला माझ्यापुढून तसाच जात होता. माझी बायको सगुणा बायकांच्या बाकावर बसून खाली मान घालायची. वचनाच्या दिवशी घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली होती, “ईस्टरला मी नवं लुगडं काढीन. न्हाई काढता आलं तर आपल्या दोघांचं देवळात जाणं संपलं.”

ईस्टर आता दोन आठवड्यांवर होता. आणि मी फिलीपची कबर खणायला चाललो होतो.

दाऊदमामा आधीच कडुनिंबाखाली येऊन बसला होता. बादली सावलीत होती.

“काय रं मार्क्या, पाव्हण्यागत काय हात टाकतुस? घाव घाल की,” तो म्हणाला.

“घालतोय.”

“बादलीत हाये बरं का. गार हाये.”

“नको, मामा.”

“अरं, कुदळीचं पाणी हाये ते. ह्याला पिणं म्हणत न्हाईत. पाद्रीबी म्हणत न्हाई. हे औशीद.”

“औषध आजारी माणसाला देत्यात. मी बरा हाये.”

“मंग फिल्याच्या नावानं दोन थेंब घे. दोस्त हुता तुझा. त्याला कोरडं धाडतुस व्हय?”

“त्याच्याच नावानं नको म्हणतोय.”

मामानं माझ्याकडं बघितलं. त्याचं दात नसलेलं तोंड उघडंच राहिलं. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“सुटली व्हय रं लेका तुझी? खरंच सुटली? प्रभू थोर हाये,” तो म्हणाला, आणि बादलीतली बाटली काढून माझ्या सुटण्याच्या आनंदात स्वतःच प्यायला. तोंड पुसत म्हणाला, “माझी सुटायची न्हाई आता. मी असाच जानार. माझी खणशील तवा मातर नीट खण.” मग सुताराकडं पेटी झाली का बघून येतो म्हणून काठी टेकीत निघाला. जाता जाता आमच्या वस्तीत त्यानं ही गोष्ट घरोघरी सांगितली. मारकसनं बाटलीला नाही म्हटलं. मयताच्या दिवशी, फिल्याच्या कबरीवर नाही म्हटलं.

मामाच्या बाटलीला नाही म्हणणं मला जड गेलं नव्हतं. का गेलं नव्हतं ते सांगतो.

बारा वर्षांपूर्वी अण्णा गेले तेव्हा त्यांचीही कबर मी आणि फिलीपनं खणली होती. अण्णा भजनी मंडळात ढोलकी वाजवायचे. नाताळात त्यांच्या ढोलकीवर म्हाताऱ्या बायासुद्धा डोलायच्या. पिणारे होते, पण गोड माणूस. तेव्हा पेटीला पैसे नव्हते, चादरीत गुंडाळून वर फळ्या टाकल्या होत्या. प्रार्थना झाली, मूठ-मूठ माती टाकून सगळे परत फिरले. बुजवायला आम्ही दोघंच उरलो. तेव्हा फिलीपनं कमरेची चपटी काढली. सील न फोडलेली, संत्र्याच्या देशी दारूची. खाली उतरला आणि फळ्यांवर, अण्णाच्या उशाशी ती ठेवली.

“वाटंत लागंल म्हाताऱ्याला,” म्हणाला.

आम्ही हसलो. वरून माती ओढता ओढता हसलो. मग फिलीप खाली बसला आणि गुडघ्यात तोंड घालून रडला. ही बाटली त्याच्या आणि माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. आता एकट्या मलाच ठाऊक होती.

रिबकावहिनी म्हणाली, अण्णांच्यातच ठेवा, त्याच क्षणी ती बाटली मला दिसली होती. जशीच्या तशी. काच, पाणी, सील. मी तिथं नको म्हणालो ते खरंच नको म्हणूनच म्हणालो. पण पाळकसाहेब म्हणाले तिच्या मनासारखं होऊ दे, आणि माझ्या आत काहीतरी निमूटपणे हो म्हणालं. घरापासून कबरस्तानापर्यंत माझी जीभ टाळूला चिकटलेली होती.

वर ऊन. बाजूला ऊस. माणूस नाही. मी खणत होतो आणि मनात एक हिशोब चालला होता, वकिलासारखा. ही दुकानातली नाही. मी वचन दिलं ते दुकानातलीचं. ही अण्णाची आहे. विकत घ्यायची नाही, मागायची नाही. फिलीप मेला, त्याच्याबरोबर शेवटचे दोन घोट, मग माती. सगळं मातीत. कुणी बघणार नाही. प्रभूलासुद्धा एवढं समजेल.

कमरेइतकं खाली गेल्यावर उशाकडची माती मऊ लागली. पायाकडं कुदळ खणकत होती आणि उशाकडं ती बुडत होती. घूस लागली असेल, असं मला वाटलं. मी पायाकडचं तसंच सोडलं आणि उशाकडंच खणायला लागलो. अशी कबर कुणी खणत नाही. एका टोकाला विहिरीसारखा खड्डा झाला. फळ्यांचा चुरा लागला तेव्हा मी कुदळ टाकली आणि गुडघ्यावर बसून हातांनी माती उपसायला लागलो.

अण्णाची हाडं लागली. मला ती दिसली आणि दिसली नाहीत. मी त्यांच्या मधून, त्यांच्या खालून हात घालत होतो. डोकं आडवं आलं, ते मी बाजूला सारलं. फडक्यात न घेता, तोंडानं काही न म्हणता, वाटेतला धोंडा सारावा तसं. ज्या माणसाच्या मांडीवर बसून मी लहानपणी ढोलकीवर थाप मारली होती त्याचं ते डोकं. मी खाली चाचपत होतो. काच लागत नव्हती. उजवीकडं नाही. डावीकडं नाही. मी छातीकडं उकरलं, खांद्याकडं उकरलं. नखांतून रक्त आलं. मी रडत होतो हे मला नंतर कळलं. फिलीपसाठी रडत नव्हतो.

“भाऊजी, काय शोधताय?”

मी वर बघितलं. काठावर रिबकावहिनी उभी होती. हातात पांढरं फडकं.

“काही न्हाई. हाडं.”

“हाडं तर तुमच्या मागं पडल्यात.”

मी मागं वळून बघितलं नाही. ती काठावर बसली, पाय आत सोडून. घरी बाया अडवत होत्या, मयत यायच्या आधी बाहेर पडू नको म्हणत होत्या, पण फडकं मीच देणार म्हणून निघाले, असं काहीसं ती म्हणाली.

“ती तिथं न्हाई, भाऊजी,” ती म्हणाली.

“काय न्हाई?”

तिनं पदराखालून बाटली काढली. चपटी. कागद गळून गेलेला, काच डागाळलेली. टोपणाच्या आट्यांत लाल माती घट्ट बसलेली. ती माती मी ओळखली. माझ्या हातांवर तीच होती.

“वचन दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी घेऊन आले ते,” ती म्हणाली. “कोपरापतुर मातीनं भरलेले. मी म्हणलं हे काय? तर म्हणले, अण्णाच्या उशाची हाये. एक ना एक दिवस मारकसला ती कबर उघडावी लागंल. माझ्यासाठी, न्हाईतर तुझ्यासाठी. तवा तो एकटा आसंल. त्याच्या हाताला लागायला नको.”

मी कबरीच्या भिंतीला टेकलो.

“मी म्हणलं, मंग वता की. तर म्हणले, मेलेल्याला दिलेली वस्तू हाये, वतू नये, अण्णाचा वाटा हाये तो. मलाबी भ्या वाटलं, भाऊजी. खोटं कशाला बोलू. माझी सासू असती तर तिनंबी वतू दिली नसती. कणगीत ठेवली. वर ज्वारी घातली. रोज ज्वारी काढताना माझा हात लागायचा तिला. मी म्हणायचे, असू दे, अण्णाची हाये.”

“मंग?”

“परवा कामावरनं आले. भांडण न्हाई, तंटा न्हाई. बसले, पानी प्याले. मंग उठून कणगीत हात घातला. मी आडवी झाले. तर म्हणले…” तिनं फडक्यानं तोंड पुसलं. “म्हणले, सोड रिबका, ही दुकानातली न्हाई. ही अण्णाची हाये. ह्याला वचन मोडणं म्हणत न्हाईत.”

वर ऊन भाजत होतं आणि मला थंडी वाजत होती. ते शब्द मी दुपारभर मनात घोळवत होतो. मला वाटत होतं ते माझे आहेत.

“शेवटपतुर दुकानाची पायरी चढले न्हाईत ते,” वहिनी म्हणाली. “तेवढं मातर खरं. बाटली घेऊन पाटाकडं गेले. सकाळी काठावर सापडली ही. पोलिसांच्या आधी माझ्या हाताला आली.”

तिनं ती उन्हासमोर धरली. तळाला घोटभर उरलं होतं.

“एवढी ठेवली त्यांनी. का ठेवली ते देव जाणे. मला वतता येत न्हाई, भाऊजी. काल धरनं बघतेय. तुम्ही वता.”

मी वर आलो. हाडं तशीच टाकून, कुदळ तशीच टाकून. “इथं नको,” म्हणालो, आणि आम्ही कुंपणाकडं गेलो, जिथं मुरूम होता. तिनं बाटली माझ्या हातात दिली. टोपण मी काढलं. वास आला. बारा वर्षांचा, मातीचा आणि संत्र्याचा. एक घोट. वहिनी तोंड वळवून उभी होती.

लोक विचारतात, तेव्हा तुला काय वाटलं. मला वाटलं काहीच नाही. हात होता, बाटली होती, आणि हात वळत नव्हता. मनगट लाकडाचं झालं होतं. उलट तो कोपरातून हळूहळू वर यायला लागला होता. मी त्याच्याकडं दुसऱ्याचा हात बघावा तसा बघत होतो.

“वहिनी, घ्या ही माझ्याकडनं.”

“मी घेतली तर परत घरी जाईल ती,” ती म्हणाली, तोंड न वळवता.

“मंग प्रार्थना म्हणा.”

“कोणती?”

“कोणतीबी. येईल ती.”

तिनं प्रभूची प्रार्थना सुरू केली. लहान पोरं रविवारच्या शाळेत म्हणतात तशी, भरभर, एका दमात. रोजच्या भाकरीची ओळ झाली. क्षमेची ओळ झाली. पुढं ‘आम्हाला परीक्षेत आणू नको’ ही ओळ येते. तिथं ती थांबली. पुढं येईना. ओढ्यावर कुठंतरी टिटवी ओरडत होती. मी वाट बघितली. ती नुसती हुंदके देत होती. ओळ तशीच अर्धी हवेत राहिली आणि आता ती म्हणायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

हजारदा म्हटलेली ओळ. देवळात मी ती दारूच्या वासानं म्हटलेली होती. ती मी म्हणालो. मोठ्यानं नाही. पुढं दुष्टापासून सोडवण्याचं आहे, तेही म्हणालो. आणि हात वळला. मी वळवला असं मला आजही म्हणता येत नाही.

मुरमानं तो घोट लगेच पिऊन टाकला. ओला डाग दिसला आणि उन्हानं आमच्या डोळ्यांदेखत पुसला. रिकामी बाटली मी कुदळ आणून तिच्या पाठीनं फोडून तिथंच पुरली.

मग मी परत कबरीत उतरलो. पायाकडचं खणून काढलं, तळ सारखा केला. अण्णाची हाडं एकेक वेचून फडक्यात ठेवली. ती माणसाची होती, पुन्हा पुन्हा माणसाचीच होत होती, आणि मधे दोन घोट नव्हते. डोकं हातात घेतलं तेव्हा मी म्हणालो, “अण्णा, माफ करा.” वहिनी काठावर बसून बघत होती. तिनं कशासाठी ते विचारलं नाही.

पेटी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“दाऊदमामांनी सांगितलं मला. देवानं राखलं तुला, मारकस.”

“होय साहेब,” मी म्हणालो. समोर दाऊदमामा झुलत उभा होता आणि सगळ्यांना खूण करून मला दाखवत होता. पहिली मूठ वहिनीनं टाकली. पेटीवर माती पडल्याचा आवाज मी त्याआधी शेकडो वेळा ऐकला असेल. खरं तर त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो अजून जात नाही. रात्री पाट वाहत असला की त्याच्यातसुद्धा ऐकू येतो.

ईस्टरला सगुणानं नवं लुगडं काढलं. माझ्या शेजारच्या जागेवर मी कुणाला बसू दिलं नाही. पाळकसाहेब प्याला घेऊन आले, त्या रिकाम्या जागेपाशी क्षणभर थांबले, मग माझ्याकडं वळले. मनुका उकळून केलेला रस होता तो, लेकरांना देतात तसा गोड. माझ्या नखांत अजून लाल माती होती, घासूनही गेली नव्हती. प्याला हातात आला आणि मला तो ओठाला लावता येईना. समोर बायकांच्या बाकावर रिबकावहिनी पांढऱ्या पातळात बसली होती. तिनं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. मी प्यालो. गोड लागलं, आणि मागून मातीची चव आली.

पुढं चार-पाच वर्षांनी देवळाच्या ओट्यावर वहिनीनं प्रौढांचा वर्ग काढला. डोक्यावर पांढरे केस आले असताना मी तिच्यापुढं पाटी घेऊन बसलो. तोवर मला क्रुसावरची नावं वाचता येत नसत. कोण कुठं निजलंय ते मी जागेवरून ओळखायचो. अक्षरं जमल्यावर पहिलं नाव मी फिलीपच्या क्रुसावर रंगवलं. खाली अण्णाचंही. दाऊदमामाची कबर त्याच्या सांगण्याप्रमाणं नीट खणली. बादली आली होती, तिच्यात पाणी होतं. नुसतं पाणी.

आता माझ्याच्यानं कुदळ उचलवत नाही. तरुण पोरं खणतात, चांगली खणतात. मी काठावर बसून असतो. पण जुनी कबर उघडली की अजून माझी जीभ टाळूला चिकटते, आणि डोळे आधी उशाकडं जातात.

आणि सगळे परत फिरल्यावर, बुजवायच्या आधी, मी पोरांना म्हणतो, थांबा. त्यांना वाटतं म्हाताऱ्याला एखादी प्रार्थना म्हणायची आहे. मी त्यांचा हात धरून खाली उतरतो आणि पेटीच्या उशाशी एकदा हात फिरवून बघतो. मागून येणाऱ्यासाठी तिथं काही राहायला नको.